द्राक्ष निर्यात: प्रतिस्पर्धी देशांच्या हवामानाची तुलना कशी करावी

निफाड भागात वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहराचा आकडाही जवळपास 500 मिलिमीटर आहे. नुसते हे दोन आकडे पाहिले तर दोन्हीकडची द्राक्षशेती सारखीच वाटेल. पण केपच्या पट्ट्यात तो पाऊस मुख्यतः मे ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात पडतो. तेव्हा वेलीवर पानही नसते. आपल्याकडे तोच पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये, वेल हिरवीगार असताना आणि काडी पक्व होत असताना पडतो. त्याची शेपटी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबली तर नेमकी फळछाटणीनंतरच्या (घड येण्यासाठी केलेल्या छाटणीनंतरच्या) नाजूक फुटीवर येते. पाऊस तेवढाच, पण एका ठिकाणी तो पुढच्या हंगामाचे पाणी भरतो आणि दुसऱ्या ठिकाणी डाऊनी हा बुरशीरोग आणतो.

म्हणून देशांच्या हवामानाची तुलना वार्षिक सरासरीवर करायची नाही आणि कॅलेंडरच्या महिन्यांवरही नाही. ती पिकाच्या अवस्थेवर करायची. प्रत्येक फरक शेवटी एका आठवड्यात किंवा एका रकमेत मांडता आला पाहिजे. तसा मांडता आला नाही तर तो फरक धंद्याच्या कामाचा नाही. पुढची पद्धत युरोपला माल पाठवणारे नाशिक-सांगलीचे बागायतदार, शेतकरी कंपन्या आणि पॅकहाऊसवाले यांच्यासाठी आहे. डाळिंब, आंबा किंवा कांद्यालाही तीच लावता येते, फक्त अवस्था बदलतात.

कोणाशी तुलना करायची

देश नव्हे, पट्टा निवडा. 'चिली' असे हवामान नसते. उत्तरेतला कोपियापो वाळवंटात आहे, तर मध्य चिलीतला आकोंकाग्वा खोऱ्याचा भाग हिवाळी पावसाचा. पेरू देशातही उत्तरेचा पियुरा विषुववृत्तापासून 5 अंशांवर आणि इका 14 अंशांवर. दोन्हीकडचा माल निघण्याचे महिने वेगळे आणि धोकेही वेगळे. दक्षिण आफ्रिकेत हेक्स रिव्हर खोरे हिवाळी पावसाचे आहे, ऑरेंज नदीचा पट्टा मात्र कोरडा आणि जो थोडा पाऊस पडतो तो उन्हाळ्यात.

नाशिकसाठी पाच ठिकाणे पुरतात: निफाड, पियुरा, इका, हेक्स रिव्हरमधले डी डूर्न्स आणि मध्य चिलीतले सान फेलिपे. इजिप्त सहावा धरा, कारण मेच्या सुमारास त्यांचा माल आला की युरोपातली आपली खिडकी बंद होते. कसमादे भागात (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पूर्वहंगामी छाटणी करणाऱ्यांनी मात्र पियुरावर सर्वांत जास्त लक्ष ठेवावे. दोघांचा माल वर्षअखेरीला निघतो.

आपले खरे भावंड चिली नाही, पियुरा आहे, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. चिली आणि केपमध्ये थंडीमुळे वेल झोपते आणि वसंतात आपोआप फुटते, त्यामुळे तिथला हंगाम ऋतू ठरवतो. नाशिक आणि पियुरा इथे वेलीला पुरेशी थंडी मिळत नाही. छाटणी करून आणि काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावून आपण तिला जागे करतो. याचा अर्थ माल कधी निघणार हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि त्यामुळेच ही तुलना आपल्याला उपयोगी पडते. ज्याला तारीख हलवताच येत नाही, त्याला ही माहिती असून फारसा फायदा नाही.

आकडे आणणे

तुलनेला सर्व ठिकाणचे आकडे एकाच स्रोतातून, एकाच काळाचे हवेत. हवामानाची 'सामान्य' सरासरी 30 वर्षांची धरतात आणि सध्याचा प्रमाण काळ 1991 ते 2020 आहे. एका ठिकाणची 1961 ते 1990 ची सरासरी आणि दुसऱ्याची 1991 ते 2020 ची घेऊन शेजारी ठेवली, तर वाढलेले तापमान तुम्हाला दोन देशांतला फरक म्हणून दिसेल.

मोफत आणि सोपा मार्ग म्हणजे नासाचे 'पॉवर' संकेतस्थळ. तिथे अक्षांश-रेखांश टाकून 1981 पासूनचे (सौर ऊर्जेचे 1984 पासूनचे) रोजचे आकडे एक्सेलला उघडता येतील अशा फाइलमध्ये मिळतात. पाच गोष्टी उतरवून घ्या: कमाल तापमान, किमान तापमान, पाऊस, सापेक्ष आर्द्रता आणि सौर ऊर्जा. ठिकाणे साधारण अशी:

निफाड: 20.08, 74.11
पियुरा: −5.19, −80.63
इका: −14.07, −75.73
डी डूर्न्स: −33.48, 19.67
सान फेलिपे: −32.75, −70.72

उणे चिन्ह विसरू नका. इकाचे दोन्ही उणे राहून गेले तर फाइल येते ती कर्नाटकातल्या शिवमोग्ग्याच्या आसपासची. मग वाळवंटात भरपूर पाऊस दिसतो आणि पुढचे सगळे गणित चुकते. फाइल उघडताच पहिली तपासणी हीच: इकामध्ये वर्षाचा पाऊस जवळजवळ नगण्य दिसला पाहिजे.

दुसरी चूक −999 ची. ज्या दिवसाचा आकडा उपलब्ध नाही तिथे हे संकेतस्थळ −999 लिहिते. तो सरासरीत गेला तर एका दिवसामुळे पूर्ण महिना गोठल्यासारखा दिसतो. आधी त्या नोंदी रिकाम्या करा, शून्य लिहू नका.

तिसरी चूक तारखेची. भारतीय हवामान विभागाच्या केंद्रांवर पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी होते. 26 तारखेच्या संध्याकाळी पडलेला पाऊस 27 तारखेखाली लिहिलेला असतो. उपग्रह किंवा मॉडेलच्या आकड्यांत दिवस मध्यरात्री बदलतो. फवारणीच्या नोंदवहीशी किंवा विम्याच्या दाव्याशी ताळा घालताना हा एका दिवसाचा फरक सांभाळावा लागतो.

चौथी गोष्ट चूक नाही, मर्यादा आहे. हे आकडे पन्नासेक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी असतात. निफाडच्या खोलगट भागात डिसेंबर-जानेवारीत पारा 5 अंशांपर्यंत किंवा त्याखाली जातो, तर चौकोनाची सरासरी त्याहून बरीच उबदार दिसते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या किंवा जवळच्या महावेध (स्वयंचलित हवामान) केंद्राच्या किमान तापमानाशी मागच्या दोन-तीन हिवाळ्यांचा ताळा घाला. सरासरी फरक किती अंशांचा आहे ते काढा आणि तेवढी दुरुस्ती जुन्या वर्षांनाही लावा. पेरूच्या किनाऱ्यावर आणि चिलीच्या खोऱ्यांत हा दोष आणखी मोठा आहे. तिथे एकाच चौकोनात थंड समुद्र किंवा अँडीजचा उतार येतो. परदेशी ठिकाणांसाठी तापमानाच्या नेमक्या आकड्यापेक्षा 'या वर्षी नेहमीपेक्षा किती जास्त किंवा कमी' एवढेच वापरणे सुरक्षित.

अवस्थेनुसार मांडणी

आता एक्सेलमध्ये महिने बाजूला ठेवा आणि नवा रकाना करा: छाटणीपासूनचे दिवस. निफाडसाठी शून्य दिवस म्हणजे तुमची फळछाटणी. पियुरा आणि इकासाठी तिथली छाटणी. केप आणि चिलीसाठी डोळे फुटण्याचा काळ, साधारण सप्टेंबर. अशा रीतीने उत्तर आणि दक्षिण गोलार्ध एकाच पट्टीवर येतात.

त्या पट्टीवर चार खिडक्या आखा.

पहिली, पोंगा अवस्थेपासून (डोळा नुकताच फुटू लागतो तेव्हापासून) फुलोऱ्यापर्यंत, सुमारे 8 ते 40 दिवस. इथे पाऊस, ढगाळ हवा आणि पान ओले राहण्याचे तास महत्त्वाचे. डाऊनी थेट घडावर येतो, कोवळे घड जिरतात, फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ आणि कुज होते. प्रत्येक वर्षी या खिडकीत 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे किती दिवस आले ते मोजा. हवामान विभाग पावसाळी दिवस म्हणून हीच मर्यादा धरतो. एकूण मिलिमीटर इथे दुय्यम. एकाच दिवशी 40 मिलिमीटर पडून आकाश स्वच्छ झाले तर बाग सावरते, पण रोज 4 मिलिमीटर असे सहा दिवस पडले तर ट्रॅक्टर बागेत जात नाही आणि फवारणीच चुकते. दव पावसाच्या आकड्यात येत नाही, म्हणून पहाटेची आर्द्रताही सोबत पाहा.

दुसरी, मणी वाढीची खिडकी. इथे किमान तापमान पाहायचे. रात्री 8-10 अंशांखाली गेल्या आणि दिवसा ऊन चढले की थॉमसनसारख्या हिरव्या वाणात पिंक बेरीचा (मणी गुलाबी पडण्याचा) धोका वाढतो आणि मण्याची फुगवणही मंदावते. पाणी उतरण्याआधी (मणी मऊ आणि गोड होऊ लागण्याआधी) घडांना कागद लावणे, पहाटे ठिबक सुरू ठेवणे, बागेत धूर करणे, हे सगळे खर्च याच खिडकीतले. पियुरात हा खर्च नाही, तिथे रात्रीही उबदार असतात.

तिसरी, पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत. इथे एकच मोठा पाऊस पुरतो आणि मणी तडकतात. जानेवारी 2021 च्या अखेरीस मध्य चिलीत ऐन उन्हाळ्यात तीन दिवस पाऊस झाला, जिथे त्या काळात पाऊस अपेक्षितच नसतो. काढणीला आलेल्या द्राक्षांचे मोठे नुकसान झाले. कोरड्या हवामानाच्या भरवशावर तिथल्या बागा उघड्या होत्या. आपल्याकडे 26 नोव्हेंबर 2023 च्या अवकाळी पावसाने आणि गारपिटीने निफाड परिसरातल्या बागा झोडपल्या, तेव्हा कुठे फुलोरा होता तर पूर्वहंगामी भागात काढणी. एकाच दिवसाचा पाऊस दोन तालुक्यांत दोन वेगवेगळ्या खिडक्यांत पडला, म्हणून नुकसानीचे स्वरूपही निराळे.

चौथी खिडकी बहुतेक लोक विसरतात: खरड छाटणीनंतरचे (काढणी झाल्यावर साधारण एप्रिलमध्ये करतात त्या छाटणीनंतरचे) 40 ते 60 दिवस. याच काळात डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो आणि त्याला भरपूर सूर्यप्रकाश लागतो. म्हणून सौर ऊर्जेचा रकाना. मे 2025 मध्ये पूर्वमोसमी पाऊस पडत राहिला आणि 26 मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. अशा वर्षी एप्रिलमध्ये छाटलेल्या बागांची घडनिर्मिती अंधारात होते. त्याचा हिशेब काढणीच्या वेळी नव्हे, फळछाटणीआधी काडीच्या डोळ्यांची तपासणी करून मांडायचा. निर्यातीचा करार किती टनांचा करायचा ते त्या तपासणीनंतरच ठरवावे.

दिवसांचा वेग

वेल दिवस मोजत नाही, उष्णता मोजते. रोजचे कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोनाने भागा, त्यातून 10 वजा करा. उरते ती त्या दिवसाची वाढीची उष्णता. 32 आणि 20 अंशांचा दिवस 16 देतो. 27 आणि 9 अंशांचा दिवस 8 देतो, म्हणजे डिसेंबरच्या दोन दिवसांत जेमतेम ऑक्टोबरच्या एका दिवसाएवढी वाढ होते. मागच्या चार-पाच हंगामांत तुमच्या प्लॉटमध्ये छाटणी ते काढणी किती बेरीज झाली ते काढून ठेवा. वाणानुसार आणि किती साखरेवर काढता त्यानुसार ती बदलते, म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका.

एकदा तुमची बेरीज ठरली की उलटी मोजणी करता येते. समजा युरोपातल्या दुकानात माल 15 मार्चला हवा आहे. तिथले वितरण 5 दिवस, सुएझमार्गे समुद्रप्रवास 24 दिवस, काढणी ते जहाज 5 दिवस. एकूण 34 दिवस, म्हणजे काढणी 9 फेब्रुवारी. 130 दिवसांचा हंगाम धरला तर छाटणी 2 ऑक्टोबरला. आता जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार असेल आणि 12 दिवस वाढणार असतील तर छाटणी 20 सप्टेंबरवर येते. नाशिकमधून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो. म्हणजे समुद्रातल्या 12 दिवसांनी तुमची पोंगा अवस्था थेट पावसाळ्यात ढकलली. सप्टेंबरच्या उबदार हवेत हंगाम काही दिवसांनी आटोपतो, तेवढी सूट धरा, पण पावसाचा धोका तिने भरून निघत नाही. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातला मार्ग असुरक्षित झाला तेव्हा अनेकांनी फक्त वाढलेले भाडे मोजले. छाटणीची तारीखही तपासायला हवी होती.

प्रतिस्पर्ध्याचे हवामान म्हणजे आपला भाव

युरोपातले मोठे खरेदीदार आठवडा क्रमांकाने बोलतात, म्हणून एक आडवा तक्ता करा: आठवडा 44 (ऑक्टोबरअखेर) ते पुढच्या वर्षीचा 22 (मेअखेर). पियुराचा माल ऑक्टोबर ते जानेवारी, इका नोव्हेंबर ते मार्च, ऑरेंज नदी नोव्हेंबर ते जानेवारी, हेक्स रिव्हर जानेवारी ते एप्रिल, चिली डिसेंबर ते एप्रिल, नाशिक जानेवारी ते एप्रिल, इजिप्त मेच्या सुमारास. ज्या आठवड्यांत कमीत कमी पट्टे एकमेकांवर येतात तिथे भाव टिकतो.

मग प्रत्येक पट्ट्यासाठी एकच प्रश्न लिहा: या वर्षी तो उशिरा येईल की कमी येईल? दोन्हींचा आपल्यावर परिणाम उलटा होतो. कमी आला तर आपल्याला भाव मिळतो. उशिरा आला तर तोच माल आपल्या आठवड्यात येऊन पडतो.

पियुरासाठी समुद्राचे तापमान पाहा. जगभर एल निनोची चर्चा मध्य प्रशांत महासागराच्या आकड्यावर होते, पण पेरूच्या किनाऱ्याला जवळचा निर्देशांक 'निनो 1+2' पट्ट्याचा आहे. मध्य महासागर शांत असतानाही किनारी एल निनो येऊ शकतो. 2017 मध्ये तसेच झाले: उत्तर पेरूत अतिवृष्टी, पूर, तुटलेले रस्ते. 2023 मध्ये आधी याकू चक्रीवादळाचा पाऊस आणि नंतर उबदार हिवाळा. वेलीची फूट बिघडली आणि 2023-24 च्या हंगामात पेरूची द्राक्ष निर्यात घटली. त्या देशाची 'एनफेन' समिती याविषयी नियमित निवेदने काढते. जून ते सप्टेंबर ती वाचत राहिलात तर फळछाटणीआधीच अंदाज हाती येतो. एल निनो मध्य महासागरातही असेल तर आपल्याकडे मोसमी पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते, म्हणजे भावाची आशा आणि विहिरीची चिंता एकाच वेळी येते. छाटणीआधी पाण्याचा हिशेब केल्याशिवाय भावावर डोळा ठेवू नका.

केपटाऊनसाठी पावसापेक्षा वारा पाहा. उन्हाळ्यात, म्हणजे ऐन द्राक्ष हंगामात, तिथे आग्नेयेचा जोरदार वारा सुटतो आणि ठरावीक वेगापुढे बंदरातल्या क्रेन थांबवाव्या लागतात. कंटेनर साचतात आणि मग एकदम सुटतात. युरोपात दोन आठवडे माल कमी आणि तिसऱ्या आठवड्यात दुप्पट, असा प्रकार त्यामुळे होतो. जानेवारीत तिथे वाऱ्यामुळे बंदर वारंवार थांबत असल्याच्या बातम्या असतील तर त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांचे सौदे आधी पक्के करावेत.

फरक रुपयांत मांडणे

इथे खरा निर्णय होतो. उदाहरण म्हणून गृहीत आकडे घेऊ, तुमचे तुम्ही घाला. मागच्या 20 हंगामांपैकी 6 हंगामांत पहिल्या किंवा तिसऱ्या खिडकीत नुकसानकारक पाऊस झाला. शक्यता 30 टक्के. अशा वर्षी निम्मे उत्पन्न जाते. एकरी उत्पन्न 6 लाख रुपये. अपेक्षित वार्षिक नुकसान म्हणजे 6 लाखांच्या निम्मे 3 लाख, त्याचे 30 टक्के, म्हणजे 90,000 रुपये.

प्लास्टिक आच्छादनाचा सांगाडा 3 लाखांचा, 10 वर्षे टिकणारा. कापड 2 लाखांचे, 4 वर्षे टिकणारे. वर्षाला 30,000 अधिक 50,000, एकूण 80,000 रुपये, त्यावर घालण्या-काढण्याची मजुरी आणि कर्जाचे व्याज. 30 टक्के शक्यतेला हा सौदा जेमतेम काठावर आहे. पूर्वहंगामी बागेत शक्यता 50 टक्के निघाली तर अपेक्षित नुकसान दीड लाखावर जाते आणि आच्छादन परवडते. जानेवारीअखेर काढणी येणाऱ्या बागेत ती 10 टक्के निघाली तर 30,000 रुपयांसाठी 80,000 घालणे बरोबर नाही. शेजाऱ्याने घातले म्हणून घालायचे नाही. शक्यता तुमच्या छाटणीच्या तारखेवर मोजायची.

हेच गणित इटलीच्या पुलियात वेगळ्या कारणाने बसते: तिथे आच्छादन पावसापासून राखते आणि काढणी शरद ऋतूपर्यंत लांबवायलाही मदत करते. इकामध्ये पावसासाठी आच्छादन लागतच नाही, पण तिथे जमिनीत जेवढे पाणी मुरते त्याहून उपसा जास्त आहे आणि नव्या विहिरींवर निर्बंध आहेत. त्यांची फवारणी स्वस्त, पाणी महाग. प्रतिस्पर्ध्याचा खर्च आपल्यापेक्षा कमी असे सरसकट म्हणण्याआधी हा रकाना भरून पाहा.

विमा धरताना एक काळजी घ्या. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई तुमच्या बागेतल्या पावसावर नाही, महसूल मंडळाच्या केंद्रावरच्या नोंदीवर ठरते. अवकाळी पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो. बागेत स्वतःचे पर्जन्यमापक असेल तर त्याची आणि मंडळ केंद्राची तीन वर्षे तुलना करा. नुकसानीच्या दहा दिवसांपैकी केंद्रावर सहाच दिवस ट्रिगर (भरपाई सुरू होण्याची ठरलेली मर्यादा) लागला असता, तर विमा तुमचे नुकसान साठ टक्केच झाकतो असे धरून वरच्या गणितात घाला.

काढणीच्या महिन्याचे तापमान पॅकहाऊसच्या क्षमतेत मोजा. जानेवारीच्या सकाळी मणी गार असतो, मार्च-एप्रिलच्या दुपारी 35 अंशांच्या पुढचा. प्रीकूलिंगमध्ये (कंटेनर भरण्याआधी माल थंड करताना) मण्याच्या गराचे तापमान 6 ते 8 तासांत 4 अंशांखाली यायला हवे. जानेवारीत एका खोलीतून दिवसाला दोन फेऱ्या निघत असतील तर एप्रिलमध्ये त्या तशाच निघतील असे धरू नका. एप्रिलसाठी काढणी सकाळी दहाच्या आत संपवण्याइतके मजूर लावा किंवा रोजचे कंटेनर कमी करा. एका 40 फुटी कंटेनरमध्ये पनेटमध्ये (छोट्या डब्यांत) भरलेला सुमारे 12 ते 13 टन माल बसतो. गरम माल घाईने भरून कंटेनर उणे अर्ध्या अंशावर लावला तरी तो माल थंड करत नाही, फक्त थंड माल थंड ठेवतो. मग खोक्यात बाष्प धरते, कुज रोखायला खोक्यात ठेवलेला सल्फर डायऑक्साइडचा पॅड एकदम वायू सोडतो, देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि तक्रार निघते ती चार-पाच आठवड्यांनी, रॉटरडॅमला.

हा तक्ता वर्षातून तीनदा उघडा: खरड छाटणीआधी मार्चमध्ये, फळछाटणीची तारीख ठरवताना ऑगस्टमध्ये आणि सौदे करताना डिसेंबरमध्ये. ऑगस्टच्या वेळी सगळी बाग एकाच तारखेला छाटू नका. पाच एकर असतील तर दोन, दोन आणि एक अशा तीन तुकड्या करा आणि त्यांत 10 ते 12 दिवसांचे अंतर ठेवा. पावसाची शक्यता प्रत्येक तुकडीसाठी वेगळी मोजा आणि सर्वांत जोखमीच्या तुकडीवर निर्यातीचा लेखी करार करू नका. ती तुकडी साधली तर माल खुल्या बाजारात विकता येतो, नाही साधली तर परदेशी खरेदीदाराला दिलेला शब्द मोडावा लागत नाही.